वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्याला लॉ कॉलेजच्या बाजूस गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. आगरकर आणि आघारकर! रिक्षावाल्यापासून पदवीधरापर्यंत अनेकांची येथे गल्लत होते आणि संस्था समाजसुधारक आगरकरांच्या नावाने निघाली असावी असे समजून लोक पुढे जातात. टेंभूचे आगरकर १८९५ साली वारले. त्या वेळी आपल्या लेखाचे नायक अवघे दहा वर्षांचे होते. ते मालवणचे, १८ नोव्हेंबर १८८४ रोजी जन्मलेले. पहिल्यांनी माणसांच्या समजुती तपासल्या, दुसऱ्यांनी झाडाझुडपांची उत्पत्ती. दोघांचीही वृत्ती मात्र एकच होती. समोर दिसते ते तसेच का, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असे काही भगिनींना वाटेल. त्याचे कारण आपल्या आळीतच आहे. सात रस्त्याच्या परिसरात १९५३ पासून संगमेश्वर कॉलेज आहे. दयानंद महाविद्यालय तर त्याच्याही आधीचे, १९४० चे. दर वर्षी उन्हाळा सरला की घराघरांतून तीच चर्चा ऐकू येते. मुलीला ‘नीट’ परीक्षेत गुण कमी पडले, डॉक्टरी हुकली, आता काय करायचे? मग पडेल आवाजात उत्तर येते की बी. एस्सी.ला घातली आहे, बॉटनी घेतली आहे. हे ‘घातली आहे’ अशा सुरात म्हटले जाते, की मुलीची कोणी तरी समजूत काढत आहे असेच वाटावे. शेजारीण विचारते, पुढे काय करणार? झाडांची नावे पाठ करून कोणाचे पोट भरले आहे? या प्रश्नाला वादाने उत्तर देण्यापेक्षा एका माणसाचे आयुष्य सांगणे बरे, असे आम्हांस वाटले.

आघारकरांचे उच्च शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. आज मुलगी कॉलेजात जाते तेव्हा वनस्पतिशास्त्राचा विभाग निराळा, प्राणिशास्त्राचा निराळा. प्रयोगशाळा निराळ्या, शिक्षक निराळे. त्या काळी या दोन शास्त्रांमध्ये अशी भिंत उभी राहिली नव्हती. निसर्गविज्ञान या एकाच छत्राखाली दोन्हींचा अभ्यास होई. आघारकर हे विषय घेऊन एम. ए. झाले आणि त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. त्याच सुमारास भीमराव आंबेडकर हेही एल्फिन्स्टनमध्ये विद्यार्थी होते. काळाघोड्यासमोरच्या त्या एका दगडी इमारतीत त्या वेळी किती तऱ्हेचे भविष्य वावरत होते, याचे नवल वाटते.

विद्यार्थ्याच्या हाती तेव्हा साधने तरी काय होती? मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी सिद्ध केला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी लंडनहून प्रसिद्ध होत होता. कुकसाहेब पेशाने अभियंता, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. आपल्या इलाख्यातले गवत, वेल, झुडूप ओळखायचे तर पुस्तक इंग्रजीत, नावे लॅटिनमध्ये आणि छापखाना सात समुद्रांपलीकडे. आपल्या आज्या-पणज्यांना यांतील शेकडो वनस्पती घरगुती नावांनी ठाऊक होत्या, मंगळागौरीच्या पत्रीत त्या रोज हाताळत होत्या. पण त्यांचे ज्ञान त्या पुस्तकात शिरायला वाट नव्हती. जुन्या पुस्तकांत कंसातून डोकावणारी ‘देशी नावे’ पाहिली, की ती नावे कोणा माउलीने, कोणा गुराख्याने सांगितली असतील, असा विचार आमच्या मनात येतो.

आघारकरांचे नाव प्रथम गाजले ते मात्र वनस्पतीमुळे नव्हे. हा मुद्दा सांगताना वनस्पतिशास्त्राचे अध्यापक थोडे अडखळतात. आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. सुटीच्या दिवसांत सह्याद्रीत भटकून नमुने गोळा करण्याचा आघारकरांना छंद होता. महाबळेश्वरहून निघालेली वेण्णा नदी साताऱ्याकडे उतरते. वाटेत मेढा लागते. १९११ च्या सुमारास त्या बाजूच्या डोहांत त्यांना काचेसारखे पारदर्शक, नाण्याएवढे छत्रीच्या आकाराचे प्राणी तरंगताना दिसले. ते होते जेलीमासे, म्हणजे आपल्या कोकणपट्टीतील मुलांना समुद्रकिनारी आढळतात तसले. मालवणच्या मुलाला जेलीमाशाचे काय अप्रूप? पण हे खाऱ्या पाण्यात नव्हते. डोंगरातून आलेल्या गोड्या पाण्यात होते. या जातीचे भाईबंद तोवर फक्त आफ्रिकेतील टांगानिकासारख्या सरोवरांतून आणि नद्यांतून माहीत होते. हिंदुस्थानात ते असतील अशी कोणाची कल्पना नव्हती.

कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन ॲनन्डेल यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्यास लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. १९१२ च्या उन्हाळ्यात म्युझियमचे ग्रेव्हली हे आघारकरांबरोबर साताऱ्याच्या मुलखात हिंडले आणि हा जीव कोठे कोठे, कसा राहतो याची दोघांनी मिळून नोंद केली. पुढे दक्षिणेतील इतर नद्यांतही तो सापडला. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की मेढ्याच्या बायका त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धुणी धूत होत्या. त्यांनी हे काचेचे चकत्यासारखे जीव पाहिले नसतील काय? पाहिलेच असतील. फरक इतकाच, की आघारकरांना ते पाहून प्रश्न पडला. आफ्रिकेतला नातेवाईक आपल्या वेण्णेत कसा? मधे एवढा समुद्र! तो आला कोठून आणि कोणत्या वाटेने?

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. आरंभी तो जेलीमाशाविषयी होता, पुढे तो वनस्पतींविषयी झाला, इतकेच.

आता कलकत्त्याकडे वळले पाहिजे, कारण आघारकरांचे नशीब तेथे घडत होते. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण आपल्याच देशात, आपल्याच माणसांकडून द्यायचे असा ध्यास घेतला होता. सरकार पैसे देईना. तेव्हा दोन नामांकित वकील पुढे आले. तारकनाथ पालित यांनी १९१२ साली मोठी देणगी दिली आणि १९१३ साली रासबिहारी घोष यांनी दहा लाख रुपये दिले. त्या काळचे दहा लाख! अट एक होती, की या पैशांतून निघणाऱ्या अध्यासनांवर प्राध्यापक हिंदी असले पाहिजेत. घोषांच्या देणगीतून चार अध्यासने निघाली. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, आणि चौथे वनस्पतिशास्त्राचे. तेही शेतीवर विशेष दृष्टी ठेवून. या चौथ्या अध्यासनासाठी बंगालमधला नव्हे तर महाराष्ट्रातला, एल्फिन्स्टनचा हा तरुण अध्यापक निवडला गेला. प्रांताप्रांतांतील चुरशीच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. म्हणून ही निवड मुद्दाम लक्षात ठेवावी.

नेमणुकीबरोबर परदेशी जाऊन अधिक शिकून येण्याची सोय होती. पालित अध्यासनासाठी निवडलेल्या रामन यांनी शिकायला परदेशी जाण्याचे साफ नाकारले, हे प्रसिद्धच आहे. आघारकर गेले. १९१४ साली ते बर्लिनला पोहोचले. पदार्थविज्ञानासाठी निवडलेले देवेंद्रमोहन बोस हेही त्याच शहरात आले. आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले.

इंग्लंड आणि जर्मनी एकमेकांचे शत्रू झाले. आघारकर हिंदी असले तरी कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे बर्लिनमध्ये ते शत्रुपक्षाचे ठरले. परतीची वाट बंद झाली. मायदेशी नोकरी वाट पाहत आहे, वय तिशीला टेकले आहे, आणि आपण परक्या भाषेच्या मुलखात अडकून पडलो आहोत, अशी ती अवस्था. युद्ध महिन्यांत संपेल असे सर्वांना वाटले होते. ते चार वर्षे चालले. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाले आणि लोकांनी सलगमवर दिवस काढले. त्या हिवाळ्याला जर्मन लोक अजूनही सलगमचा हिवाळा म्हणतात. शिधापत्रिका, रांगा, थंडी. आपल्यापैकी ज्या भगिनींनी १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी थापल्या त्यांना याची कल्पना सहज येईल.

अशा दिवसांत आघारकरांनी काय केले? अभ्यास केला. बर्लिनजवळ डालेम येथे जगातील एक थोर वनस्पतिउद्यान आणि वनस्पतिसंग्रह होता, आणि त्याचे प्रमुख होते ॲडॉल्फ एंग्लर. साऱ्या वनस्पतिसृष्टीची कुळे लावणारे हे विद्वान. आपल्या मुली बी. एस्सी.ला वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या निरनिराळ्या पद्धती शिकतात, त्यांत बेंथॅम आणि हूकर यांच्या जोडीला एंग्लर हे नाव येतेच. परीक्षेपुरते पाठ करून विसरण्याचे ते नाव. आघारकर या एंग्लरांच्या हाताखाली बसून काम करीत होते. १९१९ साली बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि त्यांचा प्रबंध १९२० साली एंग्लरांच्याच नियतकालिकात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

प्रबंधाचा विषय ऐकून सोलापूरकर भगिनींनी कान टवकारावेत. विषय होता वायव्य हिंदुस्थानातील रखरखीत, अर्धकोरड्या आणि खारवट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती. त्यांचे बी दूरवर कसे पसरते, आणि त्या मुळात आल्या कोठून. आघारकरांपुढे पंजाब, सिंध, राजपुताना हा मुलूख होता. पण कमी पावसाची, काटेरी, उन्हाने तापलेली जमीन म्हटली की आपल्यालाही ती परकी नाही. त्या मुलखातील पुष्कळ झाडोरा आपल्या माळरानावर, रेल्वेच्या रुळांकडेला, बांधाबांधांवर उभा आहे.

तर हे बी पसरते कसे, ते थोडे सांगते. वनस्पतिशास्त्र पुस्तकात वाचताना रुक्ष वाटते, पण बाहेर पडले की घरचे वाटते. रुईचे फळ उकलले की रेशमी धाग्यांच्या म्हाताऱ्या उडतात आणि मुले त्यांच्यामागे धावतात. प्रत्येक म्हातारीच्या पोटी एक चपटे बी असते. वारा हेच त्याचे वाहन. सराट्याचा काटा अनवाणी पायात मोडतो तेव्हा आपण त्याला शिव्या देतो, पण त्याच्या दृष्टीने आपला पाय म्हणजे फुकटची गाडी. कुसळी गवताचे बी त्याहून हुशार. त्याच्या शेपटीला पीळ असतो. दमट हवेत तो उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा वळतो, आणि या उलगडण्या-वळण्यात बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. लुगड्याच्या ओच्यात शिरते तेही त्याच युक्तीने. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात. टणक बी त्यांच्या पोटातून न भरडता बाहेर पडते आणि खतासकट रुजते. ज्या कोरड्या मुलखात झाडे विरळ असतात आणि पाऊस लहरी, तेथे बी शक्य तितक्या दूर टाकणे किंवा ओल मिळेपर्यंत जपून ठेवणे यावरच जगणे-मरणे ठरते.

आणि आघाडा! श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ वाहतो तो हाच. त्याच्या लांब तुऱ्यावरून पदर घासला की खालच्या बाजूस वळलेली टोकदार फळे कापडाला चिकटतात. पूजेची पत्री गोळा करणाऱ्या किती पिढ्यांनी आघाड्याचे बी एका परसातून दुसऱ्या परसात नेले असेल! व्रत करणारीला पुण्य लागले की नाही ते देव जाणे, पण आघाड्याचा वंश मात्र तिने नक्कीच वाढवला.

खारवट जमिनीचेही तसेच. आपल्या जिल्ह्यात पाटाचे पाणी आले, ऊस आला, आणि जेथे पाणी बेसुमार दिले गेले तेथे जमिनी चोपण झाल्या, वर पांढरे मीठ फुटले. अशा जमिनीत कोणती वनस्पती तग धरते आणि का, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

वनस्पती कोठून आली हा प्रश्नही निव्वळ कुतूहलाचा नव्हे. वेड्या बाभळीने आपल्याकडच्या ओसाड जमिनी गिळल्या; ती मूळची अमेरिकेची. गाजरगवतही त्याच खंडातले. गेल्या शतकाच्या मध्याला ते पुण्याच्या बाजूस प्रथम नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्वचा खाजते, धाप लागते, गुरे खात नाहीत. कोणते बी कोणत्या वाटेने येते हे वेळीच ओळखणारा माणूस गावाला किती हवा असतो, हे गाजरगवत उपटून हाताला फोड आलेल्या बाईला वेगळे सांगायला नको.

युद्ध संपल्यावर आघारकर परतले. नेमणूक १९१४ ची, अध्यापनास प्रारंभ झाला तो १९२० साली. त्यानंतर १९४६ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते. या पंचवीस वर्षांविषयी थोडक्यात सांगते, कारण अध्यापकाचे आयुष्य बाहेरून पाहणाऱ्याला एकसुरी दिसते. वर्ग, प्रयोगशाळा, सहली, परीक्षा. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. इंडियन सायन्स काँग्रेसच्या चिटणीसपदाचे कामही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. चिटणीसपद म्हणजे काय ते आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंना विचारा! भाषण एकाचे, हार दुसऱ्याला, आणि पत्रे लिहिणे, खोल्या मिळवणे, हिशेब देणे हे सारे तिसऱ्याकडे. आघारकर हे ‘तिसरे’ होते.

याच काळात दक्षिणेत जानकी अम्मल नावाच्या तेल्लिचेरीच्या मुलीने मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९२१ साली वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी घेतली. पुढे त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या, कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात काम केले, इंग्लंडमध्ये राहून लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध करण्यात भाग घेतला, आणि १९८४ साली वारल्या. त्यांचे चरित्र कोणी तरी पुढच्या स्मरणिकेसाठी अवश्य लिहावे. येथे उल्लेख एवढ्यासाठी, की ‘बॉटनी मुलींना बरी, सोपी असते’ असे म्हणणाऱ्यांना ती वाट कोठवर जाते याचा अंदाज नसतो.

सोपी तर ती मुळीच नाही. ज्यांच्या मुली हा विषय घेऊन शिकत आहेत त्या माता सांगतील. पहिल्या वर्षी मुलगी बटाट्याच्या फोडीत पान धरून वस्तऱ्याने काप घेते. काप इतका पातळ हवा की त्यातून उजेड दिसावा. पंचवीस कापांतून एखादा जमतो. मग तो रंगात बुडवायचा, धुवायचा, काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि पेन्सिलीने जसा दिसतो तसाच काढायचा, पुस्तकातल्यासारखा नव्हे. सहलीत तोडून आणलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवायची, कागद रोज बदलायचे, नाही तर बुरशी धरते. घरात दोन आठवडे गादीखाली जुने पेपर आणि वर विटा! वाळल्यावर ती जाड कागदावर शिवून वा चिकटवून बाजूला चिठ्ठी लावायची. नाव, कुळ, कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली. यांत जागा आणि तारीख नसेल तर तो नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी. वेण्णेच्या डोहातील जीव ज्याच्या नजरेस पडला त्याची नजर अशाच कामात तयार झालेली होती.

१९४६ साली आघारकर कलकत्त्याहून मोकळे झाले. वय एकसष्ट उलटलेले. या वयात आपल्याकडे पुरुषाने नातवंडे खेळवावी आणि काशीयात्रेचा बेत करावा, असे मानतात. आघारकर महाराष्ट्रात आले ते नवी संस्था काढण्यासाठी. कलकत्त्याला डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानाच्या वाढीसाठी जी संस्था स्थापिली, तिच्याच प्रयोगशाळेत रामन यांचे जगप्रसिद्ध काम झाले. तशा तऱ्हेची, लोकांनी काढलेली विज्ञानसंस्था महाराष्ट्रात नव्हती. पुण्यास १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले.

‘वर्धिनी’ हे नाव छान आहे. पण नावाने खर्च भागत नाही. सुरुवातीस संस्थेला स्वतःची वास्तूही नव्हती. ज्यांनी एखादे मंडळ शून्यातून उभे केले आहे, वर्गणीसाठी दारोदार फिरून चार जणींची ‘नंतर या’ ऐकली आहे, त्यांना या वर्षांचे वर्णन करण्याची गरज नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या-नंतरच्या त्या धामधुमीत बुरशी, गवते, गव्हाची अनुवंशिकता असल्या विषयांसाठी पैसा मागणे म्हणजे लग्नघरी व्याकरण सांगण्यासारखे. रामन, बोस यांच्यासारखी जगभरची कीर्ती आघारकरांना लाभली नव्हती. जेलीमाशाची गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची, प्रबंध जर्मन भाषेतला. हाताशी होता तो एवढाच, की आयुष्यभर शिकवलेले शास्त्र आणि ते आपल्या प्रांतात रुजले पाहिजे हा हट्ट. आमचे स्पष्ट मत आहे, की त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचे काम हेच, बर्लिनचे नव्हे. बर्लिनमध्ये ते अडकले होते. येथे त्यांनी स्वतःला आपण होऊन अडकवून घेतले.

२ सप्टेंबर १९६० रोजी ते वारले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार महिने झाले होते.

संस्था मात्र टिकली, वाढली. येथे पुन्हा आपल्या सोलापूरच्या वळणाने सांगायचे तर, आपण रोज जी मालदांडीची भाकरी खातो तिची नामांकित निवड आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात झाली. गावोगावच्या ज्वारीतून कणीस न्‌ कणीस पारखून उत्तम वाण वेगळे काढणे हे वनस्पतिशास्त्राचेच काम. विज्ञानवर्धिनीने तसेच काम गहू, सोयाबीन आणि द्राक्षांवर केले. बारामती तालुक्यात होळ येथे तिचे शेत आहे. ‘एमएसीएस’ ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडा अशा नावाचे गहू व सोयाबीनचे बियाणे आपल्या घरच्या शेतकऱ्यांनी पेरले असेल. ती अक्षरे म्हणजे विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. पोळीला जात्यावरच्या खपली गव्हाची चव लागते आणि शेवयाही त्याच्याच चांगल्या होतात, हे आपण जाणतोच. पण जुना खपली उंच वाढे आणि वाऱ्यापावसात लोळे. संस्थेने एमएसीएस २९७१ हा बुटका खपली काढला. रस काढण्यासाठी एआरआय ५१६ हे द्राक्षाचे वाणही तेथलेच. घोषांच्या देणगीत शेतीवर विशेष दृष्टी ठेवण्याची जी अट होती ती अशा रीतीने कलकत्त्याहून पुण्यास आली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे काम रानावनातले. संस्थेचे वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीत पायी हिंडून वनस्पती गोळा केल्या. १९७० च्या दशकात त्यांनी आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास करून दाखवले, की देवाच्या भीतीने गावाने राखलेल्या या राईंत इतरत्र नाहीशी झालेली झाडे शिल्लक आहेत. ज्या श्रद्धेला शिकलेले लोक हसत होते तिने राखलेली संपत्ती शास्त्राने मोजून दाखवली.

१९९२ साली संस्थेला संस्थापकाचे नाव देण्यात आले आणि ती आघारकर संशोधन संस्था झाली. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आधाराने ती चालते. तेथे आता स्त्रीसंशोधकही मोठ्या संख्येने काम करतात. बी. एस्सी.नंतर एम. एस्सी., मग पीएच. डी. असा तो मार्ग लांबचा आहे, घरच्यांचा धीर पाहणारा आहे. शिक्षिकेची नोकरी, बियाण्यांच्या कंपन्या, वनखाते, रोपवाटिका अशाही वाटा आहेत. सोलापूरला केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ते तर घरापासून बसच्या अंतरावर.

आघारकर संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेल्या फांद्यांचे कागद कपाटांतून रचून ठेवले आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव आणि तारीख. रानात एखादे अनोळखी झुडूप मिळाले, की अभ्यासक ते दाबून, वाळवून तेथे घेऊन जातात आणि कपाटातल्या नमुन्याशेजारी ठेवून ताडून पाहतात. मेढ्याहून, मोहोळहून किंवा सात रस्त्याच्या एखाद्या परसातून आणलेली फांदीही त्या टेबलावर तशीच ठेवली जाते.